थंड पाण्यातले दोन दिवस

कोकण किनाऱ्यावरच्या आमच्या मोहल्ल्यांत समुद्राचा पैसा घरात येतो, समुद्राची मासळी ताटात येते, पण समुद्राचे पाणी बाईच्या गुडघ्याच्या वर कधी येत नाही. पुरुष खलाशी म्हणून जहाजावर गेले, आखातात गेले, आफ्रिकेत गेले. बायका किनाऱ्यावर राहिल्या. ओहोटी लागली की खडकांवरची कालवे काढायच्या, वाळूतल्या तिसऱ्या वेचायच्या आणि भरती फिरली की घरी परतायच्या. माझी नानी आयुष्यभर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहिली. लाटांच्या आवाजावरून तिला वारा कोणत्या दिशेचा आहे ते कळायचे. पोहता मात्र येत नव्हते. माझ्या आईलाही येत नव्हते आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत मलाही येत नव्हते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेतली आठवीची एक मुलगी खाडीत बुडून अल्लाहला प्यारी झाली. सुट्टीचा दिवस होता. घरच्या बायकांबरोबर ती खाडीकाठी गेली होती. चिखलात पाय घसरला आणि ओहोटीच्या ओढीने तिला आत नेले. काठावर पाच बाया होत्या. पाचांपैकी एकीलाही पोहता येत नव्हते. त्यांनी दुपट्टे एकमेकींना बांधून फेकले, ते पोहोचले नाहीत. त्या वर्षी हजेरी घेताना तिच्या नावाच्या जागी आले की मी क्षणभर थांबायचे आणि मग पुढचे नाव घ्यायचे. वर्गातल्या मुलीही गप्प व्हायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी जिल्ह्याच्या ठिकाणी तलावावर बायकांच्या बॅचला नाव घातले. मोहल्ल्यात थोडे हसे झाले. ‘मास्तरीणबाई आता पोहायला चालल्या,’ असे माझ्या कानावर आले. दीड महिन्यात मला तलावाची एक रुंदी पार करता येऊ लागली, दुसऱ्या वर्षी लांबी. या लेखात मला जे सांगायचे आहे, त्याची सुरुवात तिथे झाली. गेल्या मे महिन्यात मी केपटाऊनला गेले, तेव्हा माझ्या हातात एवढी एकच तयारी होती.

केपटाऊन आणि आपले कोकण यांचा संबंध अनेकांना माहीत नसेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला रत्नागिरी आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतून बरेच कोकणी मुसलमान तिथे कामाधंद्याला गेले. कोणी दुकान घातले, कोणी दुकानात काम केले, कोणी मासळी आणि भाजीपाला विकला. तिथल्या सरकारचे कायदे कडक होते. गावी यायचे तर ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागे आणि मुदत उलटली तर परत जाण्याचा हक्क जाई. त्यामुळे पुष्कळ घरांत नवरा तिकडे आणि बायको गावात, अशी वर्षेच्या वर्षे गेली. माझ्या नानीचे वडील अशांपैकीच एक. त्यांची कबर केपटाऊनला आहे, त्यांच्या बायकोची आमच्या गावात. आज त्या शहरात कोकणी मुसलमानांची चौथी-पाचवी पिढी नांदते आहे. माझे मामेभाऊ लग्नानंतर तिथेच स्थायिक झाले. त्यांना मी भाई म्हणते.

भाईंची धाकटी मुलगी विद्यापीठात शिकते आणि सुट्टीच्या दिवशी समुद्रात डुबकी मारते. साधी डुबकी नव्हे, पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली अर्धा तास फिरून येणे, ज्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. तिची कोकणी घरातल्या वयस्क बायकांकडून ऐकलेली आहे, त्यामुळे ती सगळ्यांना एकेरीतच बोलते. तिने जेवता जेवता मला विचारले, “फुफी, तू पोहायला शिकलीस ना? मग ह्या शनिवार-रविवारी माझ्यासोबत चल.”

भाई म्हणाले, “अगं, इथल्या पाण्यात आमचे पुरुषसुद्धा पाय घालत नाहीत. बर्फासारखं असतं.”

भाभीने तीन प्रश्न विचारले, आणि ते तिघींच्याही मनात होते. कपड्यांचे काय? नमाजचे काय? आणि शिकवणारा कोण?

शिकवणारी बाईच हवी, असे आम्ही आधीच फोन करून सांगितले आणि तशी प्रशिक्षिका मिळाली. मे महिना म्हणजे तिकडे हिवाळ्याची सुरुवात. सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. फजर अदा करून निघावे आणि जोहरच्या आत पाण्याबाहेर यावे, इतका वेळ सहज मिळतो. कपड्यांविषयी सांगायचे तर थंड पाण्यात उतरणाऱ्याला मनगटापासून घोट्यापर्यंत जाड रबरी पोशाख घालावाच लागतो. डोक्यावर रबरी टोपी, हातमोजे, पायमोजे. उघडा राहतो तो फक्त चेहरा. पोशाख अंगाला घट्ट असतो, म्हणून पाण्यापर्यंत चालत जाताना मी त्यावर लांब सैल कुर्ता घातला आणि पाण्यातही तो अंगावर राहू दिला. प्रशिक्षिकेने तो कुठे अडकणार नाही, असा कमरेच्या पट्ट्याखाली नीट बसवून दिला. फतवा देणे माझे काम नाही. ज्या बहिणींना शंका असेल त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे.

रत्नागिरीला फोन केला. ह्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पाण्यात उतरायच्या आधी फोन कर आणि वर आल्यावर कर. मधला वेळ मी दुआ करतो.”

केपटाऊनचा समुद्र थंड का, हे मुलांना शिकवण्यासारखे आहे. पश्चिमेकडे अटलांटिकच्या बाजूने बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. उन्हाळ्यात आग्नेयेचा जोरदार वारा किनाऱ्याजवळचे वरचे पाणी समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातले गार पाणी वर येते. म्हणून ऐन उन्हाळ्यातही त्या बाजूचे पाणी कधी कधी दहा अंशांपर्यंत उतरते. खोलातले हे पाणी नुसतेच गार नसते, ते खनिजांनी भरलेले असते आणि त्यावर सगळी समुद्री सृष्टी पोसली जाते. पूर्वेकडून येणारा अगुल्हास प्रवाह मात्र उबदार. हे दोन समुद्र केप पॉइंटला मिळतात, असे पर्यटकांना सांगितले जाते, पण भूगोलाच्या हिशेबाने हिंदी आणि अटलांटिक महासागरांची सीमा तिथून पुढे आग्नेयेला, केप अगुल्हास या टोकावर मानली जाते.

आम्ही गेलो ते फॉल्स बे या उपसागराच्या काठी, सायमन्सटाऊनला. केपटाऊनपासून साधारण चाळीस किलोमीटर. हिवाळ्यात वारा वायव्येचा असतो, डोंगराच्या आडोशाने हा किनारा शांत राहतो आणि पाणी स्वच्छ दिसते. शनिवारी पाण्याचे तापमान १४ अंश होते. आपल्याकडे तारकर्लीला लोक डायव्हिंग करतात, तिथले पाणी त्याच्या जवळजवळ दुप्पट उबदार असते. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते, म्हणून १४ अंशांची हवा आणि १४ अंशांचे पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शनिवारचा दिवस शिकण्यात गेला. आधी एक लांबलचक अर्ज. दमा आहे का, हृदयविकार, फिट्स, कानाचे ऑपरेशन, रक्तदाबाची गोळी? एकाही प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात प्रवेश नाही. मग तलावात सराव. वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभी असलेली मी त्या दिवशी बाकावर बसले होते आणि माझ्याशेजारी विशीतली मुले होती.

पहिला धडा श्वासाचा. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. दहा मीटर खाली फुप्फुसे भरून हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा करते. म्हणून श्वास चालू ठेवायचा आणि वर यायचे ते सावकाश. दुसरा धडा कानांचा. खाली जाताना कानात दडे बसतात, नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की दडा सुटतो. दुखायला लागण्याआधीच हे करायचे. तिसरा धडा चष्म्याचा. चष्म्यात पाणी शिरले तर वरची कडा दाबून नाकाने जोरात हवा सोडायची, पाणी खालून निघून जाते. हे ऐकायला सोपे आहे. नाकात पाणी जाताच डोके वर काढायची शरीराला जन्मापासूनची सवय असते, ती मोडायला मला सहा वेळा प्रयत्न करावा लागला.

चौथा धडा मला सगळ्यात आवडला, तो खुणांचा. पाण्याखाली बोलता येत नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला तर ‘सगळे ठीक’. पंजा आडवा हलवला तर ‘काहीतरी बिघडले आहे’. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा होत नाही, त्याचा अर्थ ‘वर चला’. आणि कोणीही, कितीही नवखा असो, अंगठा वर केला की सगळ्यांनी वर जायचे. कारण विचारायचे नाही, नाराजी दाखवायची नाही. आमच्या वर्गातल्या मुलींना असा एक अंगठा मिळायला हवा, असे मला तेव्हा वाटले.

रात्री सायमन्सटाऊनमध्येच एका खोलीत मुक्काम केला. भाभी सोबत आली होती. झोप नीट लागली नाही. खिडकीतून लाटांचा आवाज येत होता आणि तो आमच्या गावच्या लाटांसारखाच होता.

रविवारी सकाळी विंडमिल बीच नावाच्या छोट्या किनाऱ्यावर पोहोचलो. तिथे ग्रॅनाइटचे मोठमोठे गोल धोंडे आहेत आणि थोड्याच अंतरावर बोल्डर्सचा प्रसिद्ध पेंग्विनचा किनारा. १९८२ मध्ये तिथे पेंग्विन राहायला आले आणि मग वस्ती वाढली. आता मात्र हा आफ्रिकन पेंग्विन जगातूनच नाहीसा होण्याच्या मार्गावर आहे. २०२४ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

सात मिलिमीटर जाडीचा पोशाख घालायला भाभी आणि भाची दोघींनी मिळून मला मदत केली, तरी वीस मिनिटे लागली. हा पोशाख इतका तरंगतो की खाली जाण्यासाठी कमरेला शिशाची वजने बांधावी लागतात. माझ्या कमरेला दहा किलो, पाठीवर सिलिंडर, पायांत बदकासारखे रबरी पंजे. बिस्मिल्लाह म्हणून पाण्यात पाय टाकला.

पाणी मानेतून आत शिरले आणि पाठीच्या कण्यावरून खाली उतरले. श्वास आपोआप आत ओढला गेला आणि बाहेर येईना. प्रशिक्षिकेने हे आधीच सांगून ठेवले होते. गार पाण्याचा पहिला धक्का असा असतो, साधारण मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, आणि पट्टीचे पोहणारेसुद्धा अनेकदा याच मिनिटात बुडतात. अशा वेळी काही करायचे नाही. पोहायचे नाही, धडपडायचे नाही, नुसते तरंगत राहायचे. तिने माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही तरंगत राहिलो. हळूहळू पोशाखात शिरलेले पाणी अंगाच्या उबेने कोमट झाले. रबरातल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांमुळे ती ऊब टिकते, हेच त्या पोशाखाचे काम.

मग खाली जायची खूण झाली. दोन मीटरही गेलो नसू, माझ्या चष्म्यात पाणी शिरले. शनिवारी सहा वेळा केलेले मला एकदाही आठवेना. डोळ्यांपुढे हिरवा अंधार, कानात स्वतःच्या श्वासाची घरघर. त्या क्षणी मला ती मुलगी आठवली. तिला शेवटी हेच दिसले असेल, असे वाटले. मी अंगठा वर केला.

आम्ही वर आलो. प्रशिक्षिकेने एवढेच विचारले, “आता जमिनीवर जायचे, की थोडे थांबायचे?” मी म्हटले, थांबू या. कलमा पढले. पाच-सात मिनिटे लाटांवर तसेच राहिलो. भाची माझ्या डाव्या बाजूला होती, तिने हात सोडला नव्हता. मी विचार करत होते की खाडीत त्या मुलीच्या जवळ कोणी पोहोचले असते, तर त्याने काय केले असते? हेच केले असते. हात धरला असता, तोंड पाण्यावर ठेवले असते, काठापर्यंत आणले असते. त्यासाठी कोणी मोठा पोहणारा लागत नाही. पाण्यात भान न हरपणारे एक माणूस लागते. भान ठेवायला पाण्यातच शिकावे लागते, काठावर बसून ते येत नाही. मी पुन्हा खाली जायची खूण केली.

या वेळी चष्म्यात पाणी आले तेव्हा मी कडा दाबली, नाकाने हवा सोडली आणि समोरचे स्पष्ट दिसू लागले.

जे दिसले ते सांगायला माडांची बाग डोळ्यांपुढे आणा. तिथल्या समुद्रात केल्प नावाची वनस्पती उगवते. मुळासारख्या पंजाने ती खडकाला धरून राहते, मग लांब गुळगुळीत देठ सरळ वर जातो, टोकाला हवेने भरलेला फुगा आणि त्याला लांब चामड्यासारखी पाने. फुग्यामुळे ती उभी राहते आणि पाने पाण्याच्या पृष्ठभागावर पसरतात. झावळ्यांतून ऊन गळावे तसे वरून उजेडाचे पट्टे खाली येत होते. लाट आली की सगळे बन एकाच वेळी एका बाजूला झुकायचे, आणि मग दुसऱ्या बाजूला. त्यांच्याबरोबर आम्हीही झुकत होतो. लाटेशी झगडायचे नाही, ती नेईल तिकडे जायचे, कारण तीच परत आणते. असले हे बन केपपासून उत्तरेकडे नामिबियापर्यंत हजार किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर पसरलेले आहे.

खाली खडकावर जांभळे काटेरी गोळे, म्हणजे सी-अर्चिन, इतके की हात ठेवायला जागा नव्हती. पाण्याखाली तांबडा रंग सगळ्यांत आधी विझतो, त्यामुळे सगळे हिरवट-करडे दिसत होते. प्रशिक्षिकेने टॉर्च लावली आणि करडा खडक एकदम लाल, नारिंगी, गुलाबी झाला. हे रंग तिथे होतेच, फक्त आम्हाला दिसत नव्हते. सुभानअल्लाह म्हणायचे तर तोंडात नळी होती. मनात म्हटले. एका कपारीत हातभर लांबीची ठिपक्यांची शार्क होती, पफअॅडर शायशार्क. घाबरली की ती अंगाचे वेटोळे करते आणि शेपटीने डोळे झाकून घेते. शार्क या शब्दाची माझी भीती तिने घालवली. ‘माय ऑक्टोपस टीचर’ हा माहितीपट, ज्याला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले, तो याच उपसागरात चित्रित झाला. मला ऑक्टोपस दिसला नाही. भाचीने एका बिळापुढे पडलेले रिकामे शिंपले दाखवून खुणेने सांगितले, घर त्याचे आहे, धनी बाहेर गेला आहे.

दुसऱ्या कपारीतून शेवंडाच्या मिशा बाहेर आलेल्या दिसल्या. या शेवंडावरून केपच्या मुसलमानांत एके काळी मोठे वादळ उठले होते. १८६२ मध्ये उस्मानी सुलतानाने अबू बक्र इफेंदी नावाच्या आलिमांना केपटाऊनला पाठवले. ते हनफी मताने शिकवत. शेवंड खाणे जायज नाही, असे त्यांनी सांगितले. केपचे मुसलमान शाफई, आपल्या कोकणी लोकांसारखेच, आणि त्यांतले कित्येक मासेमारीवर जगणारे. त्यांनी हे मानले नाही आणि प्रकरण बरेच तापले. याच इफेंदींनी तिथल्या लोकांसाठी दीनी मसाइलचे ‘बयानुद्दीन’ हे पुस्तक लिहिले, जे १८७७ मध्ये इस्तंबूलला छापले गेले. त्याची भाषा आफ्रिकान्स, पण लिपी अरबी. मराठी मुलखात उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट विशेष जवळची वाटली.

सिलिंडरचा काटा २०० वर होता, तो ७० वर आला तेव्हा वर जायची खूण झाली. सात मीटर खोलीवर आम्ही चोवीस मिनिटे होतो. वर आले तेव्हा दात वाजत होते आणि ओठ निळे पडले होते. भाभीने टॉवेलात गुंडाळले, थर्मासमधला चहा हातात दिला. बोटे इतकी बधिरली होती की ह्यांना फोन लावायलाही भाचीच लागली. पलीकडून आवाज आला, “अलहम्दुलिल्लाह. आता चहा पी.”

केपच्या मुस्लिम घरांत रविवारी सकाळी कुसिस्टर खायची रीत आहे. वेलची-आले-दालचिनी घातलेल्या पिठाचे तळलेले गोळे, पाकात सोडून वर खोबरे पेरलेले. भाभीने वाटेत एका घरून डबाभर घेतले होते. त्या घरच्या आजीबाई ‘कृपया’ म्हणायचे तर ‘कनाला’ म्हणत आणि आभार मानताना ‘त्रमकासी’. हे मलायी शब्द डच लोकांनी इंडोनेशियाच्या बेटांवरून गुलाम आणि कैदी करून आणलेल्या मुसलमानांबरोबर तीनशे वर्षांपूर्वी आले आणि राहिले. मकासरचे शेख यूसुफ १६९४ मध्ये असेच हद्दपार होऊन केपला आले. त्यांचा मजार याच उपसागराच्या पलीकडच्या बाजूला आहे.

जोहर सायमन्सटाऊनमध्येच अदा केली. या गावात एके काळी मुसलमानांची चांगली वस्ती होती. कोळी, शिंपी, नौदलाच्या गोदीतले कामगार. १९६७ मध्ये वर्णभेदी सरकारने हे गाव फक्त गोऱ्यांचे, असे जाहीर केले आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. त्यांच्यासाठी डोंगरापलीकडे जी वसाहत बांधली, तिचे नाव ठेवले ओशन व्ह्यू, म्हणजे समुद्राचे दर्शन. पिढ्यान्पिढ्या दारात समुद्र असलेल्यांना हे नाव किती लागले असेल! मशीद मात्र जागेवर राहिली. आमले हाऊस नावाच्या एका घरात त्या मुस्लिम कुटुंबांच्या वस्तूंचे छोटे संग्रहालय आहे. लग्नाचे कपडे, हजच्या प्रवासातल्या वस्तू, जुनी छायाचित्रे. ते पाहताना माझ्या मनात आले की त्यांच्यापासून समुद्र कायद्याने हिरावून घेतला. आपल्या बायकांपासून तो कोणी हिरावला? कोणताही कायदा नाही, कोणतीही शरई मनाई नाही. नुसती सवय.

मनाई नाही, हे मी जबाबदारीने लिहिते आहे. हजरत उम्मे हराम (रजि.) यांचा वाकया सहीह बुखारीत आहे. रसूलुल्लाह (सल्ल.) त्यांच्या घरी विश्रांती घेत असताना हसत जागे झाले आणि आपल्या उम्मतचे लोक समुद्रावरून जाताना आपल्याला दाखवले गेले, असे त्यांनी सांगितले. उम्मे हराम यांनी लगेच विनंती केली की मीही त्यांच्यात असावे अशी दुआ करा. आपण दुआ केली. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात त्या आपले शौहर हजरत उबादा बिन सामित (रजि.) यांच्यासोबत समुद्रमार्गे मोहिमेवर गेल्या आणि त्याच सफरीत सवारीवरून पडून त्यांचा इंतकाल झाला. सायप्रसमध्ये लार्नाका शहराजवळ त्यांचा मजार आणि मशीद आजही आहे. मुलांना पोहायला शिकवा, ही ताकीद हजरत उमर (रजि.) यांच्याकडून सांगितली जाते आणि आपण ती आपल्या मजलिसांत मोठ्या अभिमानाने ऐकतो. त्यातला ‘मुले’ हा शब्द फक्त मुलग्यांसाठी आहे, असे मात्र मला अजून कोणी दाखवलेले नाही.

समुद्राच्या तळाशी जायची सर्वांना गरज नाही. ज्या बहिणींना हौस असेल त्यांनी आधी पोहणे शिकावे, तब्येत तपासून घ्यावी, नोंदणी करतानाच प्रशिक्षिका बाई हवी असे सांगावे, आणि डायव्हिंगनंतर अठरा तास विमानात बसू नये. आपल्याच राज्यात तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथले पाणी उबदार आहे. पण पोहणे ही हौसेची गोष्ट नाही. खाडी, नदी, विहीर, तलाव यांच्या काठी राहणाऱ्या प्रत्येक घरात एका तरी बाईला पाण्यात भान ठेवता आले पाहिजे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पालकसभेत मी हा विषय मांडला. केपटाऊनचे फोटो दाखवले नाहीत, पाच बायांची गोष्ट सांगितली, जी सगळ्यांना ठाऊक होती. तलावावर बायकांसाठी स्वतंत्र वेळ असते, तिथे शिकवणारीही बाईच आहे, पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख चालतो, हे सांगितले. दोन वडील म्हणाले, विचार करून सांगतो. एक दादी मागून म्हणाली, “विचार कसला करता? नाव लिहा.”

आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. त्यांतली दोन मुलींच्या आयांची आहेत. ज्या गावांतल्या तलावांवर बायकांसाठी अशी वेळ नाही, तिथल्या वाचक बहिणींनी चार-पाच जणी मिळून नगरपालिकेकडे अर्ज द्यावा. मागणाऱ्या दिसल्या तर वेळ मिळते, आमच्याकडे ती अशीच मिळाली.